युद्ध थांबते, मनातले थांबत नाही

मे २०२५ मध्ये चार दिवस भारत-पाकिस्तान सीमेवर तोफा, क्षेपणास्त्रे आणि ड्रोनचा मारा झाला. परभणी सीमेपासून खूप दूर असली तरी मोबाईलमुळे ते युद्ध घराघरात आले. आपल्यापैकी अनेकांच्या स्टेटसला जोश होता. ज्या घरातला मुलगा सीमेवर होता, तिथे मात्र फोन वाजला की काळजात धस्स होत होते. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली, बातम्या बदलल्या. पण युद्ध मनात शिरले की ते तारखेने संपत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या आणि चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी हे समजून घ्यायला हवे.

सम्राट अशोकांनी मोजलेले दुःख

कलिंग युद्धानंतर सम्राट अशोकांनी तेरावा शिलालेख कोरून घेतला. एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख लोकांना देशोधडीला लावले गेले, असे त्यात नमूद आहे. पण अशोक मृतांच्या आकड्यावर थांबत नाहीत. जे स्वतः वाचले, पण ज्यांचे मित्र, सोबती, नातेवाईक संकटात सापडले, त्यांनाही हा आघातच आहे, असे ते सांगतात. युद्धाची जखम वाचलेल्यालाही होते, हे एका विजेत्या राजाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. विशेष म्हणजे खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलेला नाही. तिथल्या लोकांना ते वेगळे सांगायची गरजच नव्हती.

सैनिकाच्या मनात काय घडते?

महार रेजिमेंटचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात ती उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. याच रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील शौर्यासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पण शूर माणसालाही मन असते.

रणभूमीवर मेंदू सतत सावध राहायला शिकतो. बारीक आवाजालाही शरीर झटक्यात प्रतिसाद देते, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. सैनिक सुटीवर येतो, तरी ही सावधता बंद होत नाही. मग लग्नातल्या फटाक्याने तो दचकतो, रात्री ओरडत उठतो, गर्दी टाळतो, क्षुल्लक गोष्टीवर चिडतो. काहीजण दारूत झोप शोधतात. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत आणि अनेकदा भित्रेपणा ठरवत. व्हिएतनाम युद्धानंतर १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने याला अधिकृत आजाराचे नाव दिले. मराठीत आपण त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतो.

दुसरी जखम भीतीची नसते, सदसद्विवेकाची असते. आपण जे केले, पाहिले किंवा थांबवू शकलो नाही, ते आत सलत राहते. संयुत्त निकायात एक योद्ध्यांचा प्रमुख तथागतांना विचारतो, रणात मरणारा स्वर्गात जातो का? तथागत दोनदा उत्तर टाळतात. शेवटी सांगतात, समोरचे मरावेत या विचाराने त्याचे चित्त आधीच ग्रासलेले असते. ते ऐकून तो प्रमुख रडतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला खोटे सांगितले गेले, हे त्याचे दुःख असते. गौरवाच्या घोषणांखाली सैनिकाचे असे रडणे दबून जाते.

वाट पाहणारी घरे

मृत्यूची बातमी आली तर निदान शोक करता येतो. बेपत्ता माणसाच्या घरात तोही अडकतो. ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान पाकिस्तानात पडले. ते जिवंत पकडले गेल्याची बातमी तिथल्या वृत्तपत्रात आली, पण ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या अर्जुन पुरस्कारप्राप्त बॅडमिंटनपटू. त्यांनी कित्येक दशके शोध सोडला नाही. अशा घरात प्रत्येक दिवस युद्धाचाच असतो.

वस्त्यांवरचा आघात

युद्धग्रस्त भागात साधारण पाचपैकी एकाला मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. परभणीत युद्ध नव्हते. पण १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, मग धरपकड झाली. घरात घुसून मारहाण झाल्याच्या तक्रारी महिलांनी केल्या. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. दारावर लाठी आपटताना ज्या लेकराने ऐकली, त्याच्या मनाला युद्ध आणि कोम्बिंग यांतला फरक कळत नाही. न्यायाची लढाई कोर्टात लढावीच लागेल. त्या लेकराच्या झोपेची लढाई मात्र घरात आणि वस्तीतच लढावी लागेल.

आपण काय करायचे?

पटाचारेचे पती, मुले, आईवडील एकाच वेळी गेले. ती भान हरपून भटकत होती, लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि आधी भानावर आणले. उपदेश त्यानंतर. आपल्या विहारांनीही हाच क्रम ठेवावा.

माजी सैनिकाला ‘किती मारले?’ असे विचारू नका. त्याला बोलायचे असेल तेव्हा ऐका. ध्यान उपयोगी आहे, पण ताजा आघात झालेल्याला डोळे मिटून बसवले तर तीच दृश्ये उसळू शकतात. म्हणून ध्यान हा उपचाराला पर्याय समजू नका. महिन्याहून अधिक काळ झोप उडाली असेल, दचकणे थांबत नसेल, तर सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलले, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी सांगितले आहे की, रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, तेव्हा सिद्धार्थ विरोधात उभे राहिले आणि त्यासाठी घर सोडले. स्टेटसवर युद्ध मागण्याआधी आपल्याच गावातल्या सैनिकाच्या आईला एकदा भेटून या.