पूर तेवढाच, मृत्यू किती?

राधानगरी धरणाला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात. दरवाजे उघडल्याचे कळताच भोगावती आणि पंचगंगेकाठची गावे सावध होतात. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. घरे, दुकाने, उभा ऊस बुडाला. पण एवढ्या मोठ्या पुराच्या मानाने मृत्यू थोडे झाले. पाणी हळूहळू चढत होते, ते रोज मोजले जात होते आणि माणसांना हलवता येत होते.

म्हणजे निसर्गातील घटना एक, आणि तिची आपत्ती होणे वेगळे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 8,000 माणसे गेली. 17 जानेवारी 1994 ला, तेही पहाटेच, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक होती, पण मृत्यू साधारण 60. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्यांवर कोसळली. तिकडची बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची, नियमांनुसार बांधलेली होती.

मग श्रीमंत देशच वाचतात का? तसे नाही. 1970 च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान 3 लाख माणसे मेली. 2007 च्या ‘सिद्र’ वादळात मृत्यू 3,000 ते 4,000 च्या घरात राहिले. देश तेव्हाही गरीबच होता. मात्र इशारा गावोगाव पोचवणारे स्वयंसेवक आणि निवारे उभे राहिले होते. पैसा स्वतः जीव वाचवत नाही. त्यातून मजबूत घर, वेळेवर इशारा आणि बाहेर पडायला रस्ता मिळाला, तरच तो वाचवतो. उलट, पूररेषेच्या आत इमारती वाढल्या तर त्याच विकासाने नुकसान वाढते.

डोंगरउतारावरच्या वाड्यांना नदीसारखी धोका पातळी नसते. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले; 150 हून अधिक माणसे दगावली.

विद्यार्थ्यांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगा. जुन्या पुराची खूण, कच्ची घरे, खचणारा उतार आणि रात्री बाहेर पडण्याची वाट त्यावर दाखवा. सर्वांत आधी कोणाला हलवावे लागेल, ते त्या नकाशावरून कळेल.