गळती बँकेची, घड्याळ ग्राहकाचे

२०१६च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देशातील लाखो खातेदारांची डेबिट कार्डे एकाएकी निकामी झाली. खात्यात पैसे होते, पिन बरोबर होता, पण यंत्र कार्ड स्वीकारेना. एकट्या भारतीय स्टेट बँकेने सुमारे सहा लाख कार्डे बंद केली होती. त्यामागचे कारण बहुतेकांना ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून कळले. एटीएम यंत्रणा चालवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या प्रणालीत घातक सॉफ्टवेअर शिरले होते आणि निरनिराळ्या बँकांच्या सुमारे ३२ लाख कार्डांची माहिती धोक्यात आली होती. न्यायवैद्यक तपासाचे काम बेंगळुरूच्या सिसा या कंपनीकडे सोपवले गेले. १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांनी तक्रारी केल्या असून गेलेली रक्कम सुमारे एक कोटी तीस लाख रुपये आहे, असे राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या वेळी जाहीर केले. आपल्या प्रणालीत २१ मे ते ११ जुलै २०१६ या काळात घुसखोरी झाल्याची कबुली संबंधित कंपनीने फेब्रुवारी २०१७मध्ये दिली.

मे महिन्यात घुसखोरी, ऑक्टोबरमध्ये बातमी, पुढच्या वर्षी कबुली. या सगळ्यात ज्याचे कार्ड होते त्याला सर्वात शेवटी कळले.

चार वर्षांनी हाच क्रम बेंगळुरूत पुन्हा दिसला. ऑनलाइन विक्रेत्यांसाठी देयके हाताळणाऱ्या जसपे या कंपनीच्या विदासाठ्यात १८ ऑगस्ट २०२० रोजी कोणीतरी शिरले. वापरात नसलेली, पण रद्दही न केलेली एक जुनी प्रवेशकिल्ली त्यासाठी पुरेशी ठरली. पूर्ण कार्ड क्रमांक बाहेर गेले नाहीत, असे कंपनीने सांगितले. तरी अंशतः झाकलेल्या क्रमांकांच्या सुमारे साडेतीन कोटी नोंदी, शिवाय काही ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते बाहेर गेले. विक्रेत्यांना आपण त्याच दिवशी कळवले होते, असेही कंपनीचे म्हणणे होते. ज्यांची कार्डे होती त्यांना मात्र जानेवारी २०२१मध्ये, ही माहिती गुप्त आंतरजालावर विक्रीला आल्याचे एका संशोधकाने उघड केल्यावर, कळले. त्या ग्राहकांनी कंपनीचे नावही आधी ऐकलेले नसावे. जेवण मागवताना किंवा पुस्तक विकत घेताना आपल्या आणि बँकेच्या मध्ये आणखी कोण उभे आहे, हे पडद्यावर दिसत नाही.

यात कोणी नियम मोडला असे मानण्याचे कारण नाही. नियमच तसे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या जून २०१६च्या चौकटीनुसार सायबर घटना घडल्याचे लक्षात आल्यापासून दोन ते सहा तासांत बँकेने रिझर्व्ह बँकेला कळवायचे असते. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेलाही कळवावे लागते. बातमी वरच्या दिशेने तासांत पोहोचावी याची काळजी शासनाने घेतली आहे. खालच्या दिशेची, म्हणजे खातेदाराला कळवण्याची, मुदत या दोन्ही आदेशांत नाही. अफवा पसरेल, लोक ठेवी काढून घेतील, ही त्यामागची भीती मी समजू शकतो. तथापि ज्याचे नुकसान होणार त्यालाच अंधारात ठेवून स्थैर्य राखणे हा फार जुना प्रशासकीय मोह आहे.

कागदाच्या काळात प्रश्न सोपा होता. खोट्या सहीच्या धनादेशावर बँकेने पैसे दिले तर ते बँकेचे गेले. कारण ती खातेदाराची आज्ञाच नव्हे. कर्नाटकातील एका खटल्यात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये ठामपणे मांडले. कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या कंपनीतील हिशेबनिसाने ४२ धनादेशांवर खोट्या सह्या करून तीन लाख सव्वीस हजारांहून अधिक रुपये उचलले होते. कंपनीने वेळोवेळी पासबुक तपासले नाही, म्हणून दोष तिचा, असा कॅनरा बँकेचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. पासबुक बारकाईने तपासून फसवणूक शोधून काढण्याचे कर्तव्य ग्राहकावर नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत हे तत्त्व टिकले, पण त्याला घड्याळ जोडले गेले. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक प्रत्येक खातेदाराने एकदा तरी वाचावे. बँकेच्या हलगर्जीमुळे पैसे गेले असतील तर ग्राहकाचे दायित्व शून्य, मग त्याने कळवलेले असो वा नसो. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तो यंत्रणेत अन्यत्र कोठे तरी आहे, अशा वेळी (हिताची किंवा जसपेसारखी मधली कंपनी याच वर्गात मोडेल) व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास दायित्व शून्यच राहते. चार ते सात दिवस लागले तर मूलभूत बचत खात्याला पाच हजार, सर्वसाधारण बचत खात्याला दहा हजार आणि मोठ्या चालू खात्यांना पंचवीस हजार रुपयांपर्यंतचा भार येतो. त्यानंतर बँकेचे संचालक मंडळ ठरवील ते. दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरायचा नाही.

याच परिपत्रकातील तीन गोष्टी शाखेतील खिडकीवर सहसा सांगितल्या जात नाहीत. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. विमा कंपनी काय म्हणते याची वाट पाहायची नसते. नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ‘ओटीपी टाकल्याशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुम्हीच तो कोणाला तरी दिला,’ हे नेहमीचे उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. अर्थात ओटीपी किंवा पिन खरोखरच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतरचे मात्र तेव्हाही बँकेचेच.

न्यायालयांनी हे परिपत्रक गांभीर्याने घेतले आहे. जून २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख रुपये परत करण्याचा आदेश बँक ऑफ बडोदाला दिला. बँकिंग लोकपालांनी तीच तक्रार आधी फेटाळली होती. आसाममधील एका खातेदाराचे प्रकरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. त्याने एका वस्त्रविक्रेत्याच्या संकेतस्थळावरून खरेदी केली होती आणि कपडा परत करायचा होता. संकेतस्थळावरची माहिती फुटलेली असल्याने भामट्याला खरेदीचा तपशील ठाऊक होता, आणि म्हणूनच त्याचा फोन खरा वाटला. ९४ हजारांहून अधिक रुपये गेले. खातेदाराने चोवीस तासांत कळवले होते. ग्राहकाची हलगर्जी बँक सिद्ध करू शकली नाही, असे गुवाहाटी उच्च न्यायालयाने म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२५ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले.

गळतीचे खरे स्वरूप या प्रकरणात दिसते. फुटलेल्या माहितीतून पैसे थेट जातातच असे नाही. ती माहिती भामट्याच्या बोलण्याला विश्वासार्हता देते, आणि तेही कदाचित वर्षभराने. कार्ड बदलता येते. जन्मतारीख, पॅन आणि आईचे माहेरचे नाव बदलता येत नाही.

म्हणून गळतीची बातमी कानावर येताच, पैसे गेलेले नसतानाही, काही कामे करून ठेवावीत. कार्ड बदलून घ्यावे. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची सोय ऑक्टोबर २०२०पासून प्रत्येक कार्डाला आहे. नको ते बंद ठेवावे. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करावे. पतमाहिती देणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. तो मागवून आपल्या नावावर अनोळखी कर्ज नाही ना, हे पाहावे. पैसे गेलेच तर प्रथम १९३० हा क्रमांक, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. त्यानंतर लगेच बँक.

आणि बँकेला लेखी कळवावे. सरकारी सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला आवक क्रमांकाचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. ज्या पत्राला पोच नाही ते पत्र नंतर कोणालाच मिळालेले नसते. तक्रार क्रमांक, दिनांक, वेळ आणि ज्याच्याशी बोललो त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. तीन दिवसांचा हिशेब यावरच ठरणार असतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे विनाशुल्क जाता येते. लोकपाल साक्षीपुरावे तपासत नाही, कागद पाहतो. तेव्हा कागद नीट लावून पाठवावेत.

एक दार यापेक्षा कमी परिचयाचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ या कलमानुसार संवेदनशील माहिती हाताळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीकडून बाधित व्यक्तीला नुकसानभरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. ते पदसिद्ध न्यायनिर्णय अधिकारी असतात. याच यंत्रणेतून महाराष्ट्राच्या सचिवांनी २०१३मध्ये पुण्याच्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश पंजाब नॅशनल बँकेला दिला होता. अपिलाच्या न्यायाधिकरणाला मात्र २०११पासून अध्यक्षच नव्हता. २०१७मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झाले तेव्हा कुठे कोंडी फुटली. दार होते, पण आत माणूस नव्हता, असा तो काळ.

हे दार आता बंद होणार आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने एक मोठी उणीव भरून काढली: गळती झाल्यास प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणे बंधनकारक होईल आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत विदा संरक्षण मंडळाला द्यावा लागेल. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल, बाधिताला त्यातील रुपयाही मिळणार नाही. आणि याच कायद्याचे ४४वे कलम ४३अ काढून टाकते. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद मात्र आवर्जून आहे.

नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. कळवण्याचे बंधन आणि ४३अ वगळण्याची तरतूद अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये, अंमलात यायची आहे. तोवर संसदेला भरपाईचे कलम नव्या कायद्यात आणता येईल. रिझर्व्ह बँकेला तर कायदाबदलाचीही गरज नाही. ज्या गळतीची सूचना बँकेने खातेदाराला दिली नाही, तिच्यातून उद्भवलेल्या फसवणुकीत तीन दिवसांची मुदत मोजली जाणार नाही, एवढे एक वाक्य परिपत्रकात घालता येईल.