आधीं माणूस, मग कार्यक्रम

शाळा-कॉलेजांतून ख्रिस्ती सेवा चालविणाऱ्या मंडळींपुढें वर्षारंभींच एक कोष्टक तयार असतें: रविवारची प्रार्थनासभा, आठवड्याचा शास्त्राभ्यास, नाताळचा संवाद, उन्हाळ्यांतील शिबिर. वर्षअखेर अहवाल लिहावयास बसलें म्हणजे सभा किती झाल्या व मंडळी किती जमली एवढें लिहितांच पान भरतें. ज्या मुलाकरितां हें सर्व मांडलें त्याचें पुढें काय झालें, हें त्या पानांत बहुधा सांपडत नाहीं. कार्यक्रम आधीं कीं माणूस आधीं, हा प्रश्न येथूनच उद्भवतो. आणि आमच्या कर्जत-खालापूरकडील मुलांच्या बाबतींत तो नुसता चर्चेचा राहत नाहीं.

खोपोलीस आगगाडी १८५६ सालीं पोहोंचली. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतील लोहमार्ग खुला झाला, मुख्य रहदारी घाटाकडे वळली, व खोपोलीचा फांटा एका बाजूस राहिला. आजही त्यावर गाड्या मोजक्याच धावतात. सायंकाळची सभा लांबली तर कर्जत गांवांतला मुलगा निर्धास्त बसतो. खोपोलीकडील मुलीची नजर मात्र घड्याळावर खिळलेली असते. माथेरानच्या उतारावरील ठाकूरवाडींतून पायीं येणाऱ्या मुलास पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते. असे विद्यार्थी सभेस दिसले नाहींत म्हणजे ते भक्तींत शिथिल, असें म्हणणें फार सोपें आहे! निकदेम प्रभु येशूकडे रात्रीं आला आणि शोमरोनी स्त्रीशीं विहिरीवर भर दुपारीं बोलणें झालें. दोन्ही प्रसंगीं वेळ येणाऱ्याच्या सोयीची होती.

माणूस आधीं ठेवणें म्हणजे काय, हें पाहावयास विलायतेस जावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९०० सालापर्यंत आपल्या जुन्या धर्मांतच होत्या, व पुन्हां एकत्र राहूं लागल्यावरही कांहीं काळ त्या आपलें सोवळेंओवळें पाळीत. टिळकांनीं त्यांवर सक्ती केली नाहीं. पुढें १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांच्या कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यांस ‘बालकवि’ म्हणून गौरविलें. संमेलनाचें काम तेथें संपलें. टिळकांचें तेथून सुरू झालें. त्यांनीं या मुलास नगरास आपल्या घरीं आणिलें. लक्ष्मीबाईंनीं त्याचें जेवणखाण, त्याचे रुसवे, त्याची उदासी, सारें आईच्या मायेनें सोशिलें.

ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत. १९१८ सालच्या मे महिन्यांत भादलीजवळ आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. अहवालाच्या हिशेबानें पाहिलें तर टिळकांच्या या सर्व खटाटोपाची बाकी शून्य आली. परंतु १९३४ सालापासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लक्ष्मीबाईंनीं ठोमऱ्यांविषयीं ज्या ममतेनें लिहिलें आहे, ती ममता कोणत्याही आंकड्यावर अवलंबून नव्हती. आमच्या मतें याहून थोर विद्यार्थिसेवा महाराष्ट्रांत क्वचितच झाली असेल.

यावरून कार्यक्रम मोडून टाकावे, असें कोणी समजूं नये. ठरलेली वेळ व ठरलेली जागा नसेल तर बोलक्या मुलांचाच अड्डा जमतो आणि लाजाळू मूल दारांतूनच परततें. मात्र स्नेहाचाच कार्यक्रम करून ‘आठवड्यांत तीन नवे मित्र’ अशी नोंद ठेवूं लागल्यास तो स्नेह राहत नाहीं, गळाला लाविलेलें आमिष होतें. मुलें हें मोठ्यांच्या आधीं ओळखतात.

आमच्याकडे याची खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. भातकापणी आटोपली म्हणजे कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडण्याच्या कामावर निघून जातात, आणि मुलांसही बरोबर जावें लागतें. त्यांतील एखादें मूल शाळेंतून गेलें म्हणजे हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें रेघ ओढली जाते आणि नाताळच्या संवादांतील त्याचें काम दुसऱ्यास दिलें जातें. संवाद ठरल्या दिवशीं उत्तम होतो. त्याच पंधरवड्यांत चार मित्रांनीं व एका शिक्षकानें भट्टीवर जाऊन त्याची विचारपूस केली, पुस्तकें नेऊन दिलीं, बापाजवळ बसून उचल किती व ती केव्हां फिटणार हें समजून घेतलें, आणि वसतिगृहांत मुलाची सोय होईल काय हें बोलून पाहिलें, तर तालमीचे दोन दिवस बुडतील. मृगाच्या सुमारास तीं कुटुंबें वाडीवर परततात. तोंवर परीक्षा होऊन गेलेली असते व मुलास शाळेचें फाटक परकें वाटूं लागतें. मधल्या काळांत कोणी भेटून गेलेलें असलें तर मात्र निदान एक ओळखीचें तोंड तो फाटकांत शोधतो.