पदवीवाचून इंग्रजीचे अध्यापन : प्रशिक्षण आणि परवाना

बारावीनंतर विद्यापीठाची पायरी न चढलेल्या, पण परदेशात इंग्रजी शिकवण्याची इच्छा असलेल्या भायखळ्यातील तरुणापुढे दोन वेगळे प्रश्न असतात : एक, वर्ग घेता येतो का, आणि दुसरा, त्या देशात वर्ग घेण्याची परवानगी मिळेल का. पहिल्याचे उत्तर प्रशिक्षण देते आणि दुसऱ्याचे त्या देशाचे व्हिसाचे नियम देतात. हा भेद ध्यानात न घेता शुल्क भरले, तर चांगले प्रशिक्षण पदरी पडूनही नोकरी हाती येत नाही.

पदवीवाचून शिक्षक घडवण्याची कल्पना भायखळ्याला नवीन नाही. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळा १८२० च्या दशकात भायखळ्यात आल्या. आजची ख्राइस्ट चर्च स्कूल ही त्याच परंपरेतली. या शाळांत ‘मद्रास पद्धत’ चालत असे, म्हणजे मोठ्या किंवा हुशार विद्यार्थ्याला धडा पक्का करून देऊन त्याच्याकडून लहानांना शिकवून घेतले जाई. डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथालयात ही पद्धत वापरली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये तिच्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मधली, त्यामुळे त्यापूर्वी शिकवणाऱ्याकडे येथील विद्यापीठाची पदवी असण्याचा प्रश्नच नव्हता. विषय येणे आणि तो दुसऱ्याच्या गळी उतरवता येणे एवढीच कसोटी होती.

आजच्या प्रशिक्षणांपैकी सर्वांत परिचित ‘सेल्टा’ हे प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचे केंब्रिजचे प्रमाणपत्र होय. त्याचे मूळ लंडनच्या इंटरनॅशनल हाउस या संस्थेने १९६२ मध्ये सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या वर्गात आहे. पुढे १९८८ मध्ये ते केंब्रिजकडे आले. त्यासाठी पदवीची अट नाही. उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतके शालेय शिक्षण, अठरा वर्षे पूर्ण असणे आणि इंग्रजीवर उच्च दर्जाचे प्रभुत्व लागते. अभ्यासक्रम किमान १२० तासांचा असून त्यात सहा तासांचे सरावपाठ, अनुभवी शिक्षकांच्या वर्गांचे सहा तासांचे निरीक्षण आणि चार लेखी स्वाध्याय येतात. सरावपाठ प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर होतात आणि तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत. केवळ ऑनलाइन व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या ‘१२० तासांच्या’ प्रमाणपत्रांत नेमका हाच भाग नसतो, आणि तासांचा आकडा सारखा असल्यामुळे घेणाऱ्याची सहज फसगत होते.

सरावपाठाचे स्वरूप जवळून पाहिले तर या प्रशिक्षणाचा गाभा कळतो. डी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे पाठ टाचण येथेही असते, पण त्यात पाठाची प्रत्येक पायरी, तिचा उद्देश, तिला लागणारी मिनिटे आणि त्या वेळी कोण कोणाशी बोलणार हे आधीच लिहावे लागते. समजा, शिकवायचे वाक्य आहे ‘आय हॅव लिव्ह्ड इन भायखळा सिन्स २०१०’. प्रशिक्षणार्थीचा पहिला कल नियम समजावून सांगण्याकडे असतो. प्रशिक्षक त्याला थांबवतो. आधी फळ्यावर काळरेषा काढायची, २०१० वर खूण करायची, तेथून आजपर्यंत रेघ ओढायची आणि मग छोटे प्रश्न विचारायचे : हे वाक्य बोलणारी बाई आज भायखळ्यात राहते का? केव्हापासून? मधल्या काळात राहत होती का? अर्थ कळला आहे की नाही हे तपासणाऱ्या अशा प्रश्नांना ‘संकल्पना-पडताळणीचे प्रश्न’ म्हणतात. ‘समजलं का?’ हा प्रश्न येथे वर्ज्य मानला जातो, कारण न समजलेला विद्यार्थीही त्याला ‘हो’ म्हणतो. त्यानंतर वाक्य सर्वांकडून, मग एकेकाकडून वदवून घेतले जाते आणि शेवटी विद्यार्थी जोड्यांनी आपापल्या घराविषयी बोलतात. शिक्षक मधे न पडता चुका टिपून ठेवतो. मराठी माध्यमातून आलेल्या प्रशिक्षणार्थीच्या तोंडी याच जागी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स २०१०’ हे वाक्य अनेकदा येते, त्यामुळे विद्यार्थ्यांची चूक सुधारण्याआधी त्याला स्वतःची सवय तपासावी लागते.

पाठ संपताच सहप्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक यांच्यासमोर त्याची चिकित्सा होते. बहुतेकांना प्रथम ऐकावे लागते ते हे, की ते फार बोलतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या समांतर प्रमाणपत्रात आणखी एक उपयुक्त योजना आहे : प्रशिक्षणार्थीला त्याला अजिबात न येणाऱ्या भाषेचे काही तास शिकवले जातात आणि त्या अनुभवाची नोंदवही ठेवावी लागते. मराठी, हिंदी, उर्दू आणि कोकणी कानावर पडत वाढलेल्या भायखळेकराला भाषा आपोआप येते असे वाटत असते; काहीच न कळता वर्गात बसल्याचा हा अनुभव तो समज मोडतो.

मात्र प्रमाणपत्र हाती आले तरी परवान्याची अट वेगळीच राहते. दक्षिण कोरियातील इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी असून त्यालाही पदवी लागते. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे २०१० पासून भारतीयांना मिळालेली सवलतही पदवी आणि अध्यापनाची अर्हता असणाऱ्यांसाठीच आहे. जपानमध्ये खासगी भाषाशाळेतील नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा, ती नसल्यास, त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. मायदेशीही हे प्रमाणपत्र शाळेत नोकरीचा हक्क देत नाही. महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ पासून घेतली जाते आणि तिच्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड.सारखी अर्हता लागते.

म्हणून क्रम उलटा धरणे शहाणपणाचे ठरते : आधी देश ठरवून त्याचे नियम वाचावेत, मग सरावपाठ असलेले प्रशिक्षण निवडावे, आणि पदवीची अट अटळ असेल तर शिकवण्या घेत घेत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या मार्गाने ती मिळवावी. जपानच्या नियमाप्रमाणे अनुभवालाही वजन असल्याने, ही मधली वर्षे वाया गेलेली मानण्याचे कारण नाही; शिवाय फळ्यासमोर कमी बोलण्याची सवय मुरायला तेवढा काळ लागतोच.