योजनेबाहेरचा न्याय

वकिलीची सनद घेऊन मी तालुक्याच्या कोर्टात उभा राहू लागलो ते १९९१ साल. जुन्या कचेरीच्या एका खोलीत कोर्ट भरायचं. मागच्या पडवीत रेकॉर्ड. पाऊस लागला की शिपाई मुद्देमालाच्या गाठोड्यांवर ताडपत्री ओढायचा. साक्ष टाइप करणारा एकच, तो रजेवर गेला की सगळ्यांना पुढची तारीख. पण जिवाला खरं लागायचं ते दुसरंच. फौजदारी बोर्डावर पुकारा व्हायचा आणि जेलमधून आरोपीऐवजी चिठ्ठी यायची: पोलीस पार्टी उपलब्ध नसल्याने आरोपीस हजर करता आले नाही. सकाळच्या एसटीने आलेला साक्षीदार परत फिरायचा. नाझरकडे पैसे असले तर भत्ता घेऊन, नाहीतर तसाच.

हा ढिसाळ कारभार आहे असं मला तेव्हा वाटायचं. पुढे राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं चाळायची सवय लागली आणि त्या चिठ्ठीचं मूळ तिथे सापडलं. न्यायदानाचं लेखाशीर्ष २०१४, कारागृहांचं २०५६, आणि दोन्हींवरचा जवळजवळ सगळा खर्च 'योजनेतर'. धरण, रस्ता, शाळेची इमारत म्हणजे योजना. कोर्ट आणि जेल म्हणजे पगार, वीजबिल, डागडुजी. काटकसरीचं वर्ष आलं की कात्री आधी योजनेतर खर्चाला लागायची, त्यातही नव्या पदांना. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने खालच्या न्यायालयांचा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला, पण बिल बव्हंशी राज्याच्याच नावावर राहिलं. जेल तर आजही पूर्णपणे राज्याचा विषय आहे. २०१७ नंतर योजना-योजनेतर हा भेद गेला. आपल्या पुस्तकांत आता 'अनिवार्य' आणि 'कार्यक्रम' असे शब्द आहेत. शब्द बदलले. कोर्टाचा कारकून आणि जेलचा शिपाई पहिल्याच रकान्यात राहिले.

केंद्राचा पैसा १९९३-९४ पासून कोर्टाच्या इमारतींसाठी येऊ लागला. आमच्या तालुक्यालाही नवी इमारत मिळाली, साक्षीदारांना बसायला बाकं आली, आणि तो दिवस आम्हा सगळ्यांना सणासारखा वाटला होता. मग शेट्टी आयोग आला, न्यायाधीशांच्या पगाराचा आणि घरांचा प्रश्न बऱ्यापैकी मार्गी लागला. २००० साली अकराव्या वित्त आयोगाने ५०२ कोटी ९० लाख रुपये देऊन देशभरात १,७३४ जलदगती न्यायालयं काढायला सांगितली. वर्षानुवर्षं तुंबलेले सत्र खटले हलताना मी पाहिले आहेत, म्हणून त्या न्यायालयांना मी नावं ठेवणार नाही. पण ती उभी होती मुदतीच्या पैशावर, पुष्कळ ठिकाणी तात्पुरत्या नेमणुकांवर. मुदतवाढ मिळत मिळत ३१ मार्च २०११ ला केंद्राने हात काढून घेतला आणि पुढचं ज्याचं त्याने पाहायचं असं ठरलं. न्यायासारखी रोजची गरज आपण हप्त्याहप्त्याने भागवली, ही या तीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक, असं माझं ठाम मत आहे. १९८७ साली विधी आयोगाने मोजलं तेव्हा १० लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश होते. पाच वर्षांत ५० करा, असं आयोगाचं सांगणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तेच बजावलं. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टात हा आकडा १५ आहे. याच अहवालाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत, २०१९ आणि २०२० मध्ये, महाराष्ट्र मोठ्या राज्यांत पहिला आला होता. पहिल्या आलेल्या राज्याची कोर्टं मी रोज आतून पाहत होतो. बाकीच्यांकडे काय असेल, या विचाराने तेव्हा पोटात कालवलं.

जेलसाठी मोठा पैसा आला २००२-०३ मध्ये: १,८०० कोटींची आधुनिकीकरण योजना, ७५ टक्के केंद्राचे आणि २५ राज्याचे. नव्या बराकी झाल्या, २००८ मध्ये तळोजा सुरू झालं. तरी गर्दी हटली नाही. आर्थर रोडची क्षमता कित्येक वर्षं ८०४ होती, आणि आत तिच्या तिप्पट-चौपट माणसं. आतून सुटून आलेला माणूस सांगतो की पाठ टेकता येत नाही, कुशीवरच झोपायचं, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवून. २०२२ अखेर देशातल्या जेलांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि ५,७३,२२० जण होते. महाराष्ट्रात हे प्रमाण दीडपटीच्याही वर. चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले.

भिंत न बांधता जेल चालवण्याची वाट मात्र आपल्याच मुलखात सापडली होती. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेली माणसं तिथे शेती करतात, बायकामुलं सोबत राहतात. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला कथाबीज तिथूनच मिळालं. पिक्चर सगळ्यांनी पाहिला; वसाहतीला मात्र भावंडं फार थोडी झाली.

२००० च्या दशकातली एक केस मी विसरू शकत नाही. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप असलेला पोरगा. जामीन मंजूर झाला पंधरा हजारांचा, एक जामीनदार. जामीनदार म्हणजे सातबारा हवा, आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांत कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. त्याची आई प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड घेऊन पाच महिने माझ्या टेबलाशी येत राहिली. त्या पाच महिन्यांचं त्याचं जेवण, पहारा, औषधपाणी २०५६ मधून बिनतक्रार खर्ची पडलं. जामिनाचे पंधरा हजार टाकायला कुठल्याही पुस्तकात लेखाशीर्षच नव्हतं.

ते शीर्ष निघायला २०२३ उजाडलं. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या समारंभात अशाच कैद्यांबद्दल कळकळीने बोलल्या. पुढच्या केंद्रीय अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी योजना आली: वर्षाला २० कोटी, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, दंड न भरल्याने अडकलेल्यांसाठी २५ हजारांपर्यंत. त्याच वर्षी ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर झाले. ते हवेच होते. पोलीस पार्टीच्या चिठ्ठीऐवजी आता आरोपी निदान पडद्यावर तरी दिसतो. पण २० कोटींतलेही फार थोडे वापरले गेले आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांकडे पुन्हा पुन्हा पत्रं धाडावी लागली.

गेल्या महिन्यात मी या योजनेखाली एक प्रकरण दिलं. ऊसतोड करणारा माणूस, जामीन होऊन दहा आठवडे झालेले, आतच. जेलने नाव कळवायचं, विधी सेवा प्राधिकरणाने माहिती घ्यायची, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने मान्यता द्यायची, मग रक्कम कोर्टात जमा. त्याची बायको दर सोमवारी येते. बैठक अजून लागलेली नाही, एवढंच मी तिला सांगू शकतो.