समुद्रपुळणीवरील धातुशोध

पुळणीवर यंत्रानें धातु शोधूं पाहणाऱ्या नवख्यास प्रथम हें कळावें कीं, खाऱ्या पाण्यांतून वीज वाहते. त्यामुळें एकाच कंपनसंख्येचें यंत्र ओल्या वाळूंत धातूवांचूनहि वाजतें. कोरड्या वाळूंत तें पुरेसें असतें; ओल्या वाळूस अनेक कंपनसंख्यांचें किंवा स्पंदपद्धतीचें यंत्र लागतें. रत्नागिरीकडील काळ्या, लोहयुक्त वाळूनेंहि भ्रम होतो.

वस्तु सांपडल्यावर अधिक सावधगिरी हवी. आदिलशाहींतील लारी म्हणजे दुमडलेली रुप्याची तार. नवखा तिला आंकडा समजून फेंकील. रुप्यावर समुद्रांत काळें पुट चढतें. तें घासूं नये, पुटाबरोबर अक्षरेंहि जातात.

आमच्या बदनापुराजवळील भोकरदन येथें १९७३ सालीं रीतसर उत्खनन झालें. तेथील नाण्यास थराची साक्ष आहे. पुळणीवर लाटांनीं थर मोडलेले असतात. म्हणून स्थळ, खोली व दिनांक यांची नोंद हीच तेथें एकटी साक्ष होय.

१८७८ च्या निधिविषयक कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या भूमिगत निधीची लेखी खबर कलेक्टरास देणें भाग आहे. न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. संरक्षित स्थळीं तर परवान्यावांचून खणूंच नये. संग्राहकांनीं स्थळ न सांगतां आलेलें नाणें नाकारावें. तें घेणें म्हणजे साक्षीदार मारून पुरावा विकत घेणें होय.