चमत्कार नको, तालीम हवी

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की, त्या शवाचा उजवा हात तिथे नाही. १६१४ मध्ये कोपरापासून खालचा भाग रोमला नेला गेला. १९४९ मध्ये तोच हात अमेरिकेत भाविकांच्या दर्शनासाठी फिरला. फिलाडेल्फियात त्याच्यापुढे सहा वर्षांच्या एका मुलालाही नेलं गेलं. रिक करी त्याचं नाव. त्याला जन्मतःच उजव्या हाताचा कोपराखालचा भाग नव्हता. मोठ्यांच्या मनात काय असेल, हे सांगायला नको. हात काही उगवला नाही. पुढे करी हा किस्सा मजेत सांगत.

१९६१ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी उभारलं, तोच हा संघ. करी तिथे ‘ब्रदर’ झाले. ब्रदरही आजन्म व्रतस्थ, पण तो मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. त्याचा धर्म कामातून चालतो. उमेदवारीच्या काळात करी भटारखान्यात पाव करायला शिकले. एका हाताने कणीक मळायची तर अंगाचा भार वापरावा लागतो, आणि भार कुठे टाकायचा हे नटालाही शिकावंच लागतं.

नाट्यशास्त्रात न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे करी एकदा माउथवॉशच्या जाहिरातीच्या निवड-चाचणीला गेले. स्वागतकक्षातली बाई हसत सुटली. तिला वाटलं, कुणीतरी थट्टा म्हणून यांना पाठवलंय. चाचणी झालीच नाही. त्या संतापातून १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल थिएटर वर्कशॉप ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली.

इथे अंध, बधिर, चाकाच्या खुर्चीतले विद्यार्थी आवाज, हालचाल, अभिनय, नाट्यलेखन असं सगळं रीतसर शिकत. अशा संस्थांबद्दल लिहिताना आपण पटकन ‘नाट्योपचार’ म्हणून मोकळे होतो. करींना उपचार करायचेच नव्हते, नट घडवायचे होते. प्रेक्षकांची कीव नटाला आळशी करते, असं मला तरी वाटतं. ‘बिचाऱ्याने किती छान केलं’ म्हणून वाजलेल्या टाळीतून त्याला कळतच नाही की दुसऱ्या अंकात त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. आणि जो नट रंगमंचावर आवाज पोचवू शकतो, तो नोकरीच्या मुलाखतीतही दबत नाही. हा फायदा वरकड, पण फार मोठा.

पुढे मेन राज्यातल्या बेलफास्ट गावी संस्थेचं निवासी केंद्र आणि जोडीला बेकरी निघाली. इराक-अफगाणिस्तानात हातपाय गमावलेल्या सैनिकांनी तिथे स्वतःची स्वगतं लिहिली. अशाच एका जखमी सैनिकाने करींकडे पापक्षमा मागितली. ब्रदरला ती देता येत नाही. मग धर्मगुरू व्हा, असा त्याचा आग्रह. अपंगांच्या दीक्षेआड येणारे जुने चर्च-कायद्यातले निर्बंध १९८३ च्या संहितेत गळाले होते. २००९ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, ब्रदर करी फादर करी झाले.

२०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात त्यांच्या सहभागाने ‘डॉग टॅग बेकरी’ सुरू झाली. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले. बेकरीत माजी सैनिक भट्टीसोबत हिशेब, विक्री आणि धंद्याचे इतर धडे घेतात. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या साथीने हा अभ्यासक्रम आखला गेला.